जमिनीखालचे धन कोणाचे?



या व्यासपीठावरून मोठी विद्वान मंडळी बोलून गेलेली आहेत. मी शाळा सातवीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात. ते वाचनालय 1864 सालचे आहे, आणि माझ्यासारख्याला तेच विद्यापीठ ठरले. तेव्हा आजचा विषय इतिहासाचा वाटला, तरी मी तो इतिहासकाराच्या बाजूने मांडणार नाही. ज्याच्या हातात कुदळ असते त्याच्या बाजूने मांडणार आहे.

विषय सुचला तो असा. दिवाळीच्या सुमारास आमच्या टिटवाळ्यातला एक मुलगा घरी आला. वय बावीस-तेवीस. खांद्यावर लांब पिशवी. पिशवीतून त्याने एक दांडा काढला. एका टोकाला ताटलीएवढे चक्र, दुसऱ्या टोकाला छोटी पेटी आणि कानाला लावायचे यंत्र. धातुशोधक. दोन पगार साठवून त्याने तो मागवला होता. म्हणाला, "काका, तुम्ही कायद्याचं वाचता. काळू नदीच्या काठाला शोधायचं आहे, मामाच्या शेतात शोधायचं आहे, आणि एखाद्या किल्ल्यावरही जायचं मनात आहे. परवानगी कोणाची घ्यायची?"

मला त्याचे कौतुक वाटले. जमिनीत हात घालण्याआधी परवानगीचा विचार करणारा माणूस आपल्याकडे विरळा. त्याच वर्षी मार्च महिन्यात, म्हणजे 2025 साली, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडाच्या पायथ्याशी काय घडले ते आपण वाचले असेल. 'छावा' चित्रपटात बुऱ्हाणपूरचे नाव आले, रस्त्याच्या कामातली माती शेतांत पडली होती तिच्यात मोगली मोहरा आहेत अशी आवई उठली, आणि गावेच्या गावे रात्री विजेऱ्या, चाळण्या आणि धातुशोधक घेऊन दुसऱ्याच्या शेतात उतरली. शेवटी पोलिसांना तेथे जावे लागले. मोहरा कितीजणांना मिळाल्या ते देव जाणे. पण ज्यांची शेते होती त्यांच्या वाट्याला खड्डे आले.

त्या मुलाला मी जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने सांगतो.

यंत्राला काय कळते?

पूर्वी आपल्याकडे समज असा, की पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते. पायांकडून जन्मलेल्या पोराला डोळ्यांत अंजन घालून माळावर बसवीत. आता पायाळूची जागा या यंत्राने घेतली आहे, म्हणून ते काय करते हे आधी समजून घेऊ.

त्याच्या चक्रात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट होणारा विजेचा प्रवाह सोडला, की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातूचा तुकडा असला, तर त्या तुकड्यातही बारीक प्रवाह फिरू लागतो आणि त्याचे स्वतःचे दुबळे चुंबकीय क्षेत्र उठते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानात आवाज येतो. एवढेच. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच यंत्राने गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा घोटाळा केला असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे हलके यंत्र बनविले, आणि 1942 साली एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. माणसांचे पाय वाचविण्यासाठी घडलेली ही वस्तू पुढे छंदाची झाली.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की नाण्याएवढी वस्तू हे यंत्र साधारण वीतभर खोलीपर्यंतच ओळखते. सात हात खाली पुरलेला हंडा त्याला दिसत नाही. आणि बाटलीचे झाकण, खिळा, चॉकलेटची चांदी हेही त्याला धातूच. आमच्याकडून रेल्वे गेली ती 1855 साली. तेव्हापासून लोहमार्गाच्या आसपास इतके लोखंड पडले आहे, की यंत्र ओरडून ओरडून थकेल. यंत्र 'काहीतरी आहे' एवढेच सांगते. काय आहे हे कळायला खणावे लागते. आणि खणायला लागलात की प्रश्न यंत्राचा उरत नाही, जमिनीचा होतो.

जमीन कोणाची?

आपल्याकडे 'मोकळी जागा' हा फार फसवा शब्द आहे. जागा मोकळी असते, बेवारशी नसते. तिचे प्रकार एकेक करून पाहू.

पहिली खासगी जमीन. येथे परवानगी मालकाची. पण मालक कोण हे तोंडी विचारून चालत नाही. सातबारा काढावा. त्यावर मामाचे एकट्याचे नाव क्वचितच असते. आजोबांनंतर वाटणी झालेली नसते. मामा, मावशा, गेलेल्या मामाची मुले, सगळ्यांची नावे ओळीने लागलेली असतात. लग्न होऊन गेलेली मावशी पनवेलला असली तरी मालकीण आहे. जमीन कुळाकडे किंवा खंडाने दिलेली असेल, तर कसणाऱ्यालाही विचारले पाहिजे. पीक त्याचे आहे. परवानगी लेखी घ्यावी. गट नंबर, तारीख, किती खोल खणणार, खड्डा कोण बुजविणार आणि काही सापडले तर काय करायचे, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर आल्या म्हणजे पुरे. या पाचव्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण खरा पैसा आणि खरे भांडण तेथेच आहे.

दुसरी सरकारी जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची. तिच्या कलम 20 प्रमाणे ज्या जमिनी दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या नाहीत त्या, तसेच सार्वजनिक रस्ते, नद्यांची आणि ओढ्यांची पात्रे, हे सारे राज्य सरकारचे आहे. म्हणजे काळूचे पात्र कोणाचेच नाही असे नव्हे, ते सरकारचे आहे. आणि सरकार म्हणजे येथे ठाण्याचे जिल्हाधिकारी, त्यांच्या खाली कल्याणचे तहसीलदार. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीचा संबंध येतो. बाग, मैदान, शाळेचे पटांगण महापालिकेचे. तेथे कल्याण-डोंबिवली महापालिकेची परवानगी हवी. तलाठ्याने मान डोलावली, किंवा बागेच्या रखवालदाराने "करा हो" म्हटले, ही परवानगी नव्हे. ज्याला देण्याचा अधिकार आहे त्यानेच ती दिली पाहिजे. युनियनमध्ये आम्ही हे फार लवकर शिकतो: मॅनेजरने तोंडी दिलेले आश्वासन मालकाला बांधीत नाही.

तिसरा वनखात्याचा आणि रेल्वेचा प्रकार. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे आणि जमीन उकरणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे गुन्हा. सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रुळांशेजारी यंत्र घेऊन फिरणे तर जिवावरचेच. या दोन ठिकाणांचा विचार सोडूनच द्यावा.

चौथा देवस्थानांचा. देवळाची जमीन पुजाऱ्याची नसते, विश्वस्तसंस्थेची असते. विचारायचे ते विश्वस्तांना. आमच्या टिटवाळ्याची आख्यायिका आपण जाणताच. माधवराव पेशव्यांच्या काळी तळ्यातला गाळ काढताना मूर्ती सापडली आणि तीच आजची महागणपतीची मूर्ती, असे सांगतात. कल्याणच्या दुर्गाडीचीही तशीच गोष्ट आहे. किल्ल्याचा पाया खणताना शिवाजी महाराजांना धन मिळाले, म्हणून देवीचे नाव किल्ल्याला दिले म्हणे. या कथा खऱ्या किती हा प्रश्न बाजूला ठेवा. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. सापडले ते दडविले गेले नाही. ते चारचौघांसमोर आले, आणि म्हणूनच त्याची कथा झाली.

पाचवा प्रकार सर्वांत कडक, तो संरक्षित स्मारकांचा. अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. त्याच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 च्या सुमाराचा काळ आहे. ते केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाखाली आहे. अशा स्थळांना 1958 चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा लागू होतो, आणि राज्याने संरक्षित केलेल्या स्थळांना 1960 चा महाराष्ट्राचा कायदा. केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत निषिद्ध क्षेत्र, आणि त्यापुढे 200 मीटर विनियमित क्षेत्र, असे 2010 च्या दुरुस्तीने ठरले. ही बंधने मुख्यतः बांधकामाची आणि खाणकामाची आहेत. संरक्षित क्षेत्रात उत्खनन करायचे तर पुरातत्त्व खात्याचा अधिकारी तरी हवा, नाहीतर परवाना तरी. आणि परवाना मिळतो तो पुरातत्त्वीय उत्खननासाठी. काम करणाऱ्याची योग्यता पाहून. छंद म्हणून शोध घेणाऱ्यासाठी त्या कायद्यात परवानाच नाही. आपल्याला गंमत वाटेल, पण कलम 24 प्रमाणे असंरक्षित जागीही पुरातत्त्वीय उत्खनन करायचे तर राज्य सरकारलादेखील केंद्राची आधी मान्यता लागते. जेथे सरकारला विचारावे लागते, तेथे आमच्या मुलाने किल्ल्यावर पिशवी घेऊन जाण्यात काय अर्थ?

तेव्हा त्याला मी सांगितले, "किल्ला विसर. नदीकाठचं तहसील कचेरीत लेखी विचार, आणि 'नाही' आलं तर ते मान. मामाचं शेत मात्र तुला मिळू शकेल."

सापडल्यावर काय?

आता परवानगी मिळाली, यंत्र वाजले, खणले, आणि खरोखरच काही निघाले. ते कोणाचे?

शंभरांपैकी नव्वद माणसे सांगतील, "सरकारजमा." मीही एकेकाळी तेच सांगत असे. आणि हे अज्ञान मला एका माणसाचे देणेकरी करून बसले आहे.

पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. युनियनचे काम मी नुकते अंगावर घेतले होते. एका रात्री एक बिगारी माझ्याकडे आला. दिवसा एका प्लॉटवर घराचा पाया खणीत असता त्याच्या कुदळीला तांब्याचा गडू लागला होता. आत चांदीची चाळीसेक नाणी. त्याने ती धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. म्हणाला, "दादा, काय करू?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "गप्प राहा. सरकारात गेलास तर माल जाईल आणि तूही आत जाशील. तुझ्या घामाचं आहे, तुझंच." मला वाटले, मी श्रमिकाची बाजू घेतली.

त्याने ती नाणी एका सोनाराला वजनावर घातली. सोनाराने ओळखले, की हा घाबरलेला आहे. दर पाडून दिला आणि माल त्याच रात्री आटविला. आठ दिवसांत प्लॉटवाल्याच्या कानावर गेले. तक्रार झाली. पोलीस आले. मिळालेले पैसे गेले, वर कर्ज झाले, त्या कामावरून काढून टाकले ते वेगळेच. पुढे तो आपल्या गावी निघून गेला. जाताना मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर वर्षाभराने वाचनालयात मला एक जुने पुस्तक मिळाले. भारतीय निखात निधी अधिनियम, सन 1878. इंग्रजांचा कायदा, पण स्वतंत्र भारताने तो चालू ठेवला. एकेक कलम मी शब्दकोश घेऊन वाचले, आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर माझे हात थांबले.

तो कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. निखात निधी म्हणजे जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, दडलेली कोणतीही किमती चीज. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, की ज्याला ती सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला. दहा रुपये ही 1878 ची रक्कम आहे. तेवढ्यात आज एक कटिंग चहा मिळतो. म्हणजे व्यवहारात एखादे जुने नाणेसुद्धा कळवलेले बरे. कळवून वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात ठेवायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा.

मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. ज्या कोणाचा हक्क असेल त्याने हजर व्हावे. आणि ती तारीख नोटिशीपासून चार महिन्यांच्या आत नसावी, सहा महिन्यांच्या पुढे नसावी. चौकशी होते: कोणाला सापडले, कसे सापडले, कोणी पुरले असावे. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरले आणि तो किंवा त्याचा वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी न्यायालयात जायला वेळ मिळतो. तसे कोणी नसेल, तर निधी बेवारशी ठरतो.

आणि आता ऐका. बेवारशी ठरलेला निधी आपोआप सरकारजमा होत नाही. जागेचा मालक हक्क सांगायला आला नाही, तर सारा निधी सापडविणाऱ्याचा. मालक आला आणि दोघांत आधीचा काही करार नसला, तर वाटणी अशी: तीन चतुर्थांश ज्याला सापडले त्याला, आणि उरलेला एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला ती वस्तू संग्रहालयासाठी हवी असली, तर कलम 16 प्रमाणे ती घेता येते. पण धातूची जी किंमत होईल ती, आणि तिच्यावर एक पंचमांश अधिक, एवढे मोजून.

तीन चतुर्थांश! त्या बिगाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला जाऊन एक अर्ज दिला असता, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा होता. त्याला कायद्याविरुद्ध उभे केले ते मी. कारण त्याच कायद्याचे कलम 20 सांगते, की जो कळविणार नाही त्याचा हिस्सा सरकारकडे जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मालक त्यात सामील असला, तर त्याचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे चोर ठरण्याचे कारण सापडणे हे नव्हे. दडविणे हे होय.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. डिसेंबर 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 216 सोन्याची नाणी जप्त केली. वजन दोन किलोंहून अधिक. नाणी अठराव्या शतकातली. चिखली येथे एका बांधकामाच्या खोदकामात मजुरी करणाऱ्यांना ती मिळाली होती, आणि त्यांनी कोणाला न कळविता घरी ठेवली होती. बातमी वाचली तेव्हा मला तो धोतराचा सोगा आठवला. महाराष्ट्रात रोज किती पाये खणले जातात! आमच्या भागात तर चाळी पडून इमारती उठत आहेत, आणि समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळ आमण्यापर्यंत येऊन पोहोचला. खणणारा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बिगारी आहे, आणि त्याला हे कलम कोणी सांगितलेले नाही. कायदा 'ज्याला सापडले तो' म्हणतो. मुकादम म्हणत नाही, कंत्राटदार म्हणत नाही. कंत्राटदार वाद घालील, "माझ्या पगारावर होता." घालू दे. पण तो वाद जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, कागदावर होऊ दे. रात्री सोनाराच्या मागच्या दाराशी नको.

आणि म्हणून परवानगीच्या कागदातली ती पाचवी गोष्ट. दोघांत करार असेल तर वाटणी करारानुसार होते असे कायदाच म्हणतो. तेव्हा शेतमालकाने आणि शोधणाऱ्याने आधीच लिहून ठेवावे: निम्मे-निम्मे, किंवा जे ठरेल ते. आणि कामगार बांधवांनो, कामावर लावताना जे कागद पुढे करतात त्यांवर अंगठा उठविण्याआधी ते वाचून घ्या. तीन चतुर्थांश एका ओळीतही जाऊ शकतात.

नाण्यांहून मोठे धन

येथवर मी पैशाचे बोललो, कारण पोटाला पैसा लागतो. पण माझ्या त्या चुकीत दुसरेही एक नुकसान झाले, आणि ते पैशाने भरून येणारे नाही. ती चाळीस नाणी कोणाची होती? शिलाहारांची? गुजरातच्या सुलतानांची? कंपनी सरकारची? आता ते कोणालाही कधीच कळणार नाही.

1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. ती नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचे चलन आपल्या नावाने फिरविले, याचा असा चांदीचा पुरावा हाती आला. यांतली दहा-वीस नाणी सुटी मिळाली असती, तर योगायोग म्हटले असते. हजारो एकत्र राहिली आणि मोजली गेली, म्हणून इतिहास झाला. सोनाराने ती आटविली असती तर वाळे-तोडे झाले असते.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले नालासोपारे घ्या. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उघडला. दगडी पेटी निघाली. तिच्यात बुद्धाच्या आठ धातुमूर्ती, एकात एक बसविलेले करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. पंडितजींनी काय कोठे होते, कशाच्या आत काय होते, हे टिपून ठेवले. ते टिपण त्या सोन्याच्या फुलांहून मोलाचे आहे.

याच्या उलट बाजू दायमाबादची. 1974 साली, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्य वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. साऱ्यांचे वजन मिळून साठ किलोंवर. अशी कारागिरी देशात क्वचितच पाहायला मिळते. त्या वाचल्या हे आपले भाग्य. पण त्या उत्खननाच्या थरांतून निघाल्या नव्हत्या. म्हणून त्यांच्या काळाविषयी पंडितांत मतभेद राहिला. मातीचा थर म्हणजे पुस्तकाचे पान. यंत्र वाजले म्हणून घाईने खड्डा करणारा माणूस वाचण्याआधीच पान फाडतो. म्हणूनच शेतात नांगराने उलथलेल्या वरच्या मातीत शोध घेणे वेगळे, आणि जुन्या पांढरीच्या टेकाडात भोक पाडणे वेगळे. पांढरीवर खापरे दिसली की यंत्र बंद करावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.

परक्या देशाचे एक उदाहरण देतो. इंग्लंडात हा छंद मोठा आहे. तेथे शेतमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी परवानगीवाचून यंत्र वापरणे मना आहे, आणि 1996 च्या कायद्याप्रमाणे निधी सापडला की 14 दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. 2009 साली स्टॅफर्डशायर परगण्यात एका छंदी माणसाला शेतात सोन्याचा प्रचंड साठा मिळाला. त्याने कळविले. किंमत ठरली 32 लाख 85 हजार पौंड, आणि ती शोधणारा व शेतकरी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. 2015 साली लेमिन्स्टर गावाजवळ दुसऱ्या दोघांना असाच साठा मिळाला. त्यांनी लपविला आणि विकायला काढला. 2019 साली दोघे तुरुंगात गेले. तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज होता. हाती आली ती तिसाच्या आसपास. दोन्हीकडे यंत्र तेच, माती तीच. फरक एका अर्जाचा.

आपल्या 1878 च्या कायद्यात शोधणाऱ्याला या इंग्रजी वाटणीहून मोठा हिस्सा आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. उणीव आहे ती पोहोचण्याची. कायदा इंग्रजीत कपाटात आहे, आणि कुदळ बिगाऱ्याच्या हातात आहे.

सावधगिरीचे दोन शब्द

गुप्तधनाच्या नावाने आजही लोक नागवले जातात. मांत्रिक येतो, घरात हंडा आहे म्हणतो, पूजा मांडतो, बळी मागतो. काही ठिकाणी त्याच्या सोबत आता धातुशोधकही असतो, म्हणजे सुशिक्षितांचाही विश्वास बसावा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि त्यांचा खून झाल्यावर तो झाला. करणी-भानामतीच्या नावाने धनाच्या शोधासाठी अमानुष कृत्य करणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ज्याला खरोखर धन दिसते तो आपल्या दारी दक्षिणा मागायला येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट विक्रीची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठविणे खासगी माणसाला सर्वस्वी बंद आहे. मूर्ती मिळाली तर "परदेशी गिऱ्हाईक आणतो" म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका.

समारोप

आमच्या त्या मुलाचे पुढे काय झाले हे सांगून आपली रजा घेतो. त्याने मामाच्या शेताचा सातबारा काढला. सात नावे निघाली. पनवेलच्या मावशीची सही आणायला तो दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला तिने जेवायला घातले आणि सही दिली. कागद झाला: खड्डा वीतभर, भात निघाल्यावर, सापडेल ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवू, वाटणी निम्मी. नदीकाठचा अर्ज त्याने तहसील कचेरीत दिला आहे. उत्तर यायचे आहे, आणि तोवर तो तेथे गेलेला नाही.

तीन रविवार शोधून त्याला मिळाले ते एवढे: नांगराचा फाळ, दोन घोड्याचे नाल, बैलाच्या गळ्यातली एक घंटा आणि एक झिजलेले तांब्याचे नाणे. घंटा मामीने ओळखली. तिच्या सासऱ्यांच्या बैलाची. ती त्यांनी धुऊन देव्हाऱ्याजवळ ठेवली. नाण्याचा कागद मीच लिहून दिला. गट नंबर, तारीख, खोली, सापडविणाऱ्याचे नाव. अर्ज घेणारा कारकून हसला. म्हणाला, "एका ढब्बूसाठी एवढं?" मी म्हटले, "साहेब, चाळीस चांदीच्या नाण्यांचं राहून गेलं आहे. त्याची ही सुरुवात समजा." त्याला काही कळले नाही, पण त्याने पोच दिली.

आपल्यापैकी कोणाचे घर बांधायचे असेल, विहीर खणायची असेल, तर कामावरच्या माणसांना पहिल्याच दिवशी चार वाक्यांत हे सांगा: काही निघाले तर हात थांबवा, जागा दाखवा, चार माणसांसमोर मोजा, आणि कळवा; कायद्यात तुमचा हिस्सा आहे. चहाच्या सुट्टीत सांगून होते. मला ते माझ्या वेळी कोणी सांगितले नाही, आणि मी ते सांगू शकलो नाही, म्हणून आज इतका वेळ घेतला.